नाळेतून बाळाला मिनिटाला किती रक्त मिळतं?

आठव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली की रिपोर्टाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. चोपड्याचे दीर, सुरतला कामाला असलेला भाऊ, शहाद्याची मावशी, सगळे तो बोटांनी मोठा करून वाचतात. वजन कळतं, तारीख कळते, पाणी भरपूर आहे हेही कळतं. मग एक ओळ येते, ‘अम्बिलिकल आर्टरी पीआय ०.९८’, आणि सगळे गप्प होतात. सासूचा प्रश्न तिथेच असतो : बाळ बरं शे ना?

ती ओळ बाळाच्या नाळेतल्या रक्ताबद्दल आहे. पण नाळेतून मिनिटाला किती रक्त जातं, हे ती सांगत नाही. पुढे वारीत, म्हणजे प्लासेंटात, रक्ताला किती अडथळा होतोय, एवढंच तिच्यातून कळतं. घरचे सोडा, विज्ञान शिकलेली माणसंही या दोन गोष्टी एकच समजतात. ‘किती रक्त’ हा प्रश्न सोपा वाटतो, पण जन्माआधी त्याचं भरवशाचं उत्तर मिळवणं फार अवघड होतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत एमआरआयने ते बऱ्यापैकी जमू लागलंय. ते कसं जमतं, आणि आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या बाईला त्याचा आज काय उपयोग आहे, ते इथे लिहितो.

नाळ : दोन धमन्या, एक शीर

नाळ साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते आणि बोटाएवढी जाड. आत तीन वाहिन्या असतात, दोन धमन्या आणि एक शीर. त्यांच्याभोवती बुळबुळीत जेलीसारखा थर असतो, म्हणून बाळ वळलं, नाळेवर रेललं तरी वाहिन्या सहजासहजी दबत नाहीत. नाळेला पीळ असतो. हा पीळ पुढे मोजणाऱ्याला चांगलाच त्रास देतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

शाळेत आपण शिकलो की धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध. नाळेत हे उलटं असतं. बाळाचं हृदय वापरलेलं रक्त दोन धमन्यांमधून वारीकडे पाठवतं आणि वारीत ताजं झालेलं रक्त एका शिरेतून बाळाकडे परत येतं. धमनी आणि शीर ही नावं रक्त हृदयापासून दूर चाललंय की हृदयाकडे येतंय यावरून पडली आहेत, रक्ताच्या रंगावरून नाही.

आणखी एक समज काढून टाकायला हवा. ‘आईचं रक्त बाळाच्या अंगात जातं’ असं आपण सहज बोलतो. तसं होत नाही. वारीत आईचं रक्त एका बाजूला असतं आणि बाळाचं दुसऱ्या बाजूला, मध्ये पातळ पडदा. ऑक्सिजन, साखर, क्षार पडद्यापलीकडे जातात आणि बाळाचा कार्बन डायऑक्साइड अलीकडे येतो. नाळेतलं सगळं रक्त बाळाचंच असतं, आणि ते ढकलणारं हृदयही बाळाचंच.

शिरेतून आलेल्या रक्तातला काही भाग यकृताला वळसा घालून एका आडवाटेने थेट हृदयाकडे जातो, बाकीचा यकृतातून. हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप उघडी असते. तिच्यातून ताजं रक्त डाव्या बाजूला जातं आणि आधी मेंदू व हृदयाला मिळतं. म्हणजे नाळेच्या शिरेत जे येतं, त्यावर बाळाचा सगळा संसार चालतो. फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात.

इंचाचं पाणी

आपल्याकडे बोअरला पाणी किती लागलं असं विचारलं, की उत्तर इंचात येतं. ‘अडीच इंच लागलं.’ ऐकणाऱ्याला अंदाज येतो, पण केळीच्या बागेला दिवसभरात किती लिटर पाणी पुरेल, हे एकट्या इंचावरून सांगता येत नाही. त्यासाठी पाईपचं तोंड केवढं आणि त्यातून पाणी किती वेगाने चाललंय, या दोन्ही गोष्टी लागतात. दोन्हींचा गुणाकार केला की खरं माप मिळतं.

नाळेचंही तसंच. समजा बाळ दोन किलोच्या आसपास आहे आणि नाळेच्या शिरेचा व्यास ७ मिलिमीटर. तोंडाचं क्षेत्रफळ झालं ०.३८५ चौरस सेंटिमीटर. रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला १० सेंटिमीटर धरला, तर सेकंदाला ३.८५ मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे २३० मिलिलिटर. निरोगी बाळात खरे आकडेही याच टप्प्यात असतात.

आता व्यास ७ ऐवजी ८ मिलिमीटर वाचला गेला असं समजा. एक मिलिमीटर म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर कर्सर जरासा सरकला एवढंच. पण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळे उत्तर ३०० च्या वर जातं. खरा प्रवाह कमी पडत असला तरी कागदावर बाळ मजेत दिसेल.

वेगाचंही असंच घसरतं. डॉपलर सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते. हलणाऱ्या वस्तूवरून येणाऱ्या लहरीची पट्टी बदलते, हे तत्त्व ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलं, आणि नाळेतलं रक्त त्या पद्धतीने पहिल्यांदा १९७७ मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी टिपलं. पण लहर रक्ताच्या धारेला ज्या कोनातून भिडते, तो कोन माहीत असल्याशिवाय खरा वेग निघत नाही. कोन ६० अंशांचा धरला आणि प्रत्यक्षात तो ६५ असला, तर वेग सुमारे १५ टक्क्यांनी कमी येतो. पिळलेल्या, पाण्यात तरंगणाऱ्या नाळेत कोन नेमका किती, हे ठरवणार कसं?

डॉक्टरांनी यातून फार हुशारीने वाट काढली. त्यांनी ‘किती’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. हृदय दाबतं तेव्हाचा सर्वांत जास्त वेग आणि हृदय सैल पडतं तेव्हाचा सर्वांत कमी वेग घ्यायचा, त्यांची वजाबाकी करायची आणि तिला सरासरी वेगाने भागायचं. हाच तो पीआय, म्हणजे पल्सॅटिलिटी इंडेक्स. भागाकारात वरचा आणि खालचा दोन्ही वेग त्याच चुकीच्या कोनातून मोजलेले असतात, म्हणून कोनाची चूक कटून जाते. व्यास तर मोजायचाच नाही. वारीतल्या बारीक वाहिन्या मोकळ्या असल्या की हृदय सैल पडलं तरी रक्त पुढे सरकत राहतं आणि पीआय कमी येतो. वाहिन्या आकसल्या किंवा बंद पडल्या, की त्या सैल क्षणी रक्त थबकतं. रिपोर्टात ‘एंड डायस्टोलिक फ्लो अनुपस्थित’ असं लिहितात ते हेच. त्याहून वाईट म्हणजे रक्त त्या क्षणी मागे फिरतं. तेव्हा डॉक्टर वाट पाहत नाहीत.

या पद्धतीने असंख्य बाळं वाचली आहेत. तिची अडचण एवढीच की ती उशिरा बोलते. वारीचा बराच भाग निकामी होईपर्यंत धमनीतला पीआय नॉर्मल राहू शकतो. सातव्या महिन्याच्या आधीच बाळ खुंटत असेल तर डॉपलर सहसा पकडतो. नवव्या महिन्याच्या सुमाराला वाढ मंदावलेल्या बाळात मात्र नाळेचा डॉपलर अनेकदा साफ असतो, आणि बाळ तरीही उपाशी असतं.

चुंबकातून वेग कसा दिसतो

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठं चुंबक असतं, रेडिओ लहरी असतात, आणि आपल्या अंगातल्या पाण्याचे हायड्रोजन अणू. चुंबकात हे अणुकेंद्र ठरावीक वेगाने डोलतात. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. चुंबकाची ताकद वाढली की डोलणं जलद होतं, कमी झाली की मंदावतं.

पुढची गोष्ट या वाक्यावरच उभी आहे. मशीन क्षणभर अशी व्यवस्था करतं की एका टोकाला चुंबक जरा जास्त आणि दुसऱ्या टोकाला जरा कमी. जास्त ताकदीच्या जागेचे अणू डोलण्यात थोडे पुढे जातात, कमी ताकदीच्या जागेचे मागे पडतात. लगेच मशीन हीच व्यवस्था उलटी करतं. जो अणू जागच्या जागी उभा आहे, तो पहिल्या वेळी जेवढा पुढे गेला तेवढाच दुसऱ्या वेळी मागे येतो. हिशेब शून्य. रक्तातला अणू मात्र मधल्या काही हजारांश सेकंदांत थोडा सरकलेला असतो. उलटा धक्का त्याला वेगळ्या जागी बसतो, त्यामुळे त्याचा हिशेब शून्य होत नाही. काही अंशांचा फरक शिल्लक राहतो, आणि हा फरक अणूच्या वेगाच्या प्रमाणात असतो.

चित्रात प्रत्येक ठिपक्याला हा शिल्लक कोन दिलेला असतो. स्थिर मांस करडं दिसतं, एका दिशेने चाललेलं रक्त पांढरं, उलट दिशेचं काळं. नाळेचा आडवा छेद घेतला तर शीर एका रंगाची आणि दोन धमन्या दुसऱ्या, असं चित्र येतं. शिरेच्या तोंडातल्या प्रत्येक ठिपक्याचा वेग वेगळा मिळतो. मधला जलद, कडेचा मंद. ठिपक्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा वेग, आणि सगळ्यांची बेरीज. झाला प्रवाह. छेद वाहिनीला काटकोनात घेतला असेल तर कोनाचा अंदाज बांधावा लागत नाही, आणि व्यास कर्सरने मोजावाच लागत नाही. डॉपलरच्या दोन्ही दुखण्यांवर हा एक इलाज आहे.

फिरणाऱ्या अणूंवरून प्रवाह ओळखायची कल्पना अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ अर्विन हान यांनी १९६० मध्ये मांडली होती. तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं समुद्राचं पाणी. गर्भारपणाचा विषयही नव्हता. गर्भवतीची पहिली एमआरआय चित्रं स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून प्रसिद्ध झाली ती १९८३ मध्ये, आणि दोन्ही धागे जुळायला आणखी बराच काळ गेला.

या पद्धतीतली एक फसगत सांगण्यासारखी आहे. कोन १८० अंशांपर्यंतच ओळखता येतो. म्हणून तपासणीआधी मशीनला सांगावं लागतं की जास्तीत जास्त वेग किती असेल. तो वेग म्हणजे १८० अंश. समजा सांगितलं सेकंदाला ५० सेंटिमीटर आणि रक्त ६० ने धावत होतं. मग कोन होतो २१६ अंश, आणि मशीन तो उलट बाजूचा १४४ अंश असं वाचतं. पडद्यावर रक्त ४० च्या वेगाने उलट्या दिशेला चाललेलं दिसतं. शिरेच्या मधोमध अचानक एक काळा डाग दिसला तर अनुभवी माणूस घाबरत नाही, मर्यादा वाढवून तपासणी पुन्हा करतो. मर्यादा फार मोठी ठेवली तर हळू रक्ताचे बारीक फरक गोंगाटात बुडतात. दोन्हींच्या मधलं काहीतरी निवडावं लागतं, आणि तेही शीर आणि धमनी यांच्यासाठी वेगळं.

बाळाच्या हृदयाचे ठोके कोण सांगणार?

मोठ्या माणसाच्या हृदयाचा एमआरआय करताना छातीला ईसीजीच्या तारा लावतात. मशीन ठोक्याशी ताल जुळवून चित्रं घेतं. पोटातल्या बाळाला तारा कुठे लावणार? आईच्या पोटावरून बाळाचा ईसीजी कसाबसा मिळाला, तरी चुंबकाच्या गोंधळात तो टिकत नाही. बाळाचं हृदय मिनिटाला ११० ते १६० वेळा चालतं, म्हणजे एका ठोक्याला साधारण अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी वेळ. एवढ्या वेळात चांगलं चित्र पुरं होत नाही. अनेक ठोक्यांमधून तुकडे गोळा करावे लागतात, आणि कुठला तुकडा ठोक्याच्या कुठल्या क्षणाचा, हे कळायला ताल हवाच.

टोरांटोच्या ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’मधल्या संशोधकांनी २०१० मध्ये यावर एक उपाय सांगितला, आणि या सगळ्या विषयात मला तोच सगळ्यात चलाख वाटतो. ताल न विचारताच माहिती गोळा करायची. मग संगणकाने अंदाज करायचा : ठोका ४२० मिलिसेकंदांचा असता तर चित्र कसं बनलं असतं? ४२५ चा असता तर? ४३० चा? चुकीच्या अंदाजाचं चित्र धूसर, भुतासारखं येतं, बरोबर अंदाजाचं स्वच्छ. सगळ्यात स्वच्छ चित्र ज्या अंदाजातून आलं, तोच बाळाच्या हृदयाचा ताल. पुढे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या चमूने एमआरआयमध्ये चालणारं डॉपलर उपकरण आईच्या पोटाला बांधून ठोके थेट घ्यायची सोय केली. आज दोन्ही वाटा चालू आहेत.

नाळेच्या शिरेचं एक बरं असतं. निरोगी बाळात तिच्यातलं रक्त जवळजवळ एकसारखं वाहतं, धमनीसारखी उसळी मारत नाही. त्यामुळे ताल थोडा चुकला तरी शिरेचं माप फारसं बिघडत नाही. शीर रुंदही असते. धमनी ३-४ मिलिमीटरची, आणि एमआरआयचा एक ठिपका मिलिमीटरभराचा. तीन-चार ठिपक्यांमध्ये वाहिनीची कड कुठे हे ठरवणं म्हणजे ओबडधोबड काम. म्हणून सहसा शीर मोजतात. दोन धमन्यांमधून जेवढं रक्त बाहेर गेलं, तेवढंच शिरेतून परत यायला हवं. धमन्यांचंही माप घेता आलं तर ही बेरीज ताडून पाहता येते.

मोजायचं कुठे, हाही प्रश्न आहे. तरंगणाऱ्या, पिळलेल्या भागात काटकोनी छेद सापडत नाही, आणि सापडेपर्यंत बाळ हलतं. म्हणून शीर बाळाच्या पोटात शिरल्यावर, यकृतातल्या पहिल्या फांदीच्या आधी, जिथे ती सरळ आणि एका जागी असते, तिथे मोजण्याची पद्धत आहे. तरीही बाळाने मध्येच लाथ मारली की तो डाव वाया जातो. आईचा श्वास, बाळाची उचकी, सगळं चित्रात उतरतं. थोडक्यात, मोजणाऱ्याच्या अंगी संयम असावा लागतो.

रक्त किती, आणि त्यात ऑक्सिजन किती

टोरांटोच्या त्याच संस्थेने २०१४ मध्ये पूर्ण दिवस भरत आलेल्या निरोगी बाळांचे आकडे दिले. बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे नाळेतून मिनिटाला सुमारे १३० मिलिलिटर. हृदय दोन्ही बाजूंनी मिळून जेवढं रक्त फेकतं, त्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास. अडीच किलोच्या बाळाला मिनिटाला सव्वातीनशे मिलिलिटर झाले. बाळाच्या अंगात आणि वारीत मिळून जेवढं रक्त असतं, त्याहून हे कमी नाही. म्हणजे मिनिटाभरात वारीतून जवळजवळ एक पूर्ण फेरी.

‘किलोमागे’ हा शब्द आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. लहान बाळाला कमी रक्त लागतं, त्यात आजार काही नाही. वाढ खुंटलेल्या बाळात मात्र किलोमागचा प्रवाहही घटलेला सापडतो.

सातपुड्याच्या बाजूने पाहिलं तर मला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. धडगाव, अक्कलकुवा, चोपडा-यावलच्या पाड्यांवर लहान बाळं पुष्कळ जन्मतात. त्यातली काही आई-बापच चणीने लहान म्हणून लहान असतात आणि ठणठणीत असतात. काहींना वारीतून पुरेसं मिळतच नाही. सोनोग्राफीतलं वजन दोघांचंही सारखंच, दोन किलो. दोघांत फरक करायला वजनापलीकडचं माप हवं, आणि नाळेतला किलोमागचा प्रवाह हे अशा मापांपैकी एक होऊ शकतं.

पण रक्त भरपूर येऊन त्यात ऑक्सिजनच कमी असेल तर? एमआरआय इथेही हात देतो. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं, ऑक्सिजन धरलेलं नाही. हे लायनस पाउलिंग आणि चार्ल्स कोरीएल यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं. चुंबकाकडे ओढलं जाणारं हिमोग्लोबिन जास्त असलं की आजूबाजूच्या पाण्याचा सिग्नल लवकर विझतो. सिग्नल किती वेळात विझतो हे मोजलं की नाळेच्या शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन किती टक्के, याचा अंदाज येतो. निरोगी बाळात तो ८० टक्क्यांच्या आसपास असतो. तुमच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८० दिसलं तर डॉक्टर धावत येतील. पोटातल्या बाळाला तेवढं पुरतं, कारण त्याचं हिमोग्लोबिन कमी दाबातही ऑक्सिजन घट्ट धरतं आणि प्रमाणातही भरपूर असतं.

हिशेब करून पाहू. दर डेसिलिटरला १५ ग्रॅम हिमोग्लोबिन, प्रत्येक ग्रॅमला १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन, ८० टक्के भरलेलं : १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १६ मिलिलिटर ऑक्सिजन. मघाच्या २३० मिलिलिटर प्रवाहाने गुणलं तर मिनिटाला सुमारे ३७ मिलिलिटर. बाळाला खरोखर काय पोचतं, ते हा आकडा सांगतो. वाढ उशिरा खुंटलेल्या बाळांमध्ये अशा तपासणीत दिसलं की शिरेतला ऑक्सिजन घटलेला असतो, मेंदूकडे जाणारं रक्त वाढलेलं असतं आणि फुप्फुसांकडचं कमी झालेलं असतं. बाळ मेंदू वाचवायला इतर अवयवांचा वाटा कापतं. जन्मतः हृदयदोष असलेल्या बाळांवरच्या २०१५ च्या अभ्यासात, मेंदूला ऑक्सिजन कमी मिळणं आणि मेंदूचा आकार लहान असणं यांचं नातं दिसलं.

या हिशेबात एक खाचखळगा आहे, आणि आपल्या भागासाठी तो मोठा आहे. सिग्नल किती लवकर विझतो, हे ऑक्सिजनबरोबर रक्त किती दाट आहे यावरही ठरतं. बाळाला रक्तक्षय असेल तर पातळ रक्ताचा सिग्नल ‘ऑक्सिजन भरपूर आहे’ असं खोटंच सांगेल. म्हणून दुसरं एक माप घेऊन रक्ताचा दाटपणाही काढतात. नंदुरबार, धुळे, जळगावच्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल बराच आढळतो. आईला सिकलसेलचा आजार असेल तर तिच्या वारीत रक्त अडखळतं, आणि बाळ लहान राहण्याचा धोका वाढतो. बाळाच्या पेशी मात्र पोटात असताना विळ्यासारख्या वाकत नाहीत, कारण त्यांच्यात अजून गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. म्हणजे दुखणं पडद्याच्या आईकडच्या बाजूला आणि उपासमार बाळाकडच्या. अशा बायकांमध्ये नाळेचा प्रवाह आणि ऑक्सिजन दोन्ही मोजले गेले तर शिकण्यासारखं खूप निघेल.

मशीनमध्ये जाताना

एमआरआय करताना गर्भवतीला काय होतं, हे आमच्याकडे हमखास विचारलं जातं. सुई नाही, किरण नाहीत. गॅडोलिनियम हे शिरेतून देण्याचं रंगद्रव्य गर्भारपणात टाळतात, आणि प्रवाह मोजायला ते लागतही नाही. मशीन जोराने ठोकल्यासारखं आवाज करतं, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपलं की गर्भाशयाच्या वजनाने मोठी शीर दबते आणि बाईला घेरी येते. म्हणून डाव्या कुशीवर झोपवतात. अर्धा-पाऊण तास त्या बोगद्यात राहणं सोपं नाही. घाबरणाऱ्या बाईला बाहेरून कोणीतरी बोलत राहिलं तर बरं पडतं.

धातू बाहेर ठेवावा लागतो. पदराची सेफ्टी पिन तर आधी, कारण पोलाद चुंबकाकडे गोळीसारखं उडतं, आणि चुंबक रात्रंदिवस चालूच असतं. मंगळसूत्र, जोडवी, पावरा बायांच्या अंगावरची वजनदार चांदी, हेही काढायचं. सोनं-चांदी उडत नाही, पण तापू शकतं, आणि मिश्रधातूचा भरवसा नसतो. मंगळसूत्र काढायला सांगितलं की सासूबाईंचा चेहरा बदलतो. आधी नीट समजावून सांगितलं तर तेही निभतं. घरच्या एखाद्या थोर बाईच्या हातात ते द्यायचं, एवढंच.

आणखी एक. एमआरआयमध्येही मुलगा की मुलगी हे दिसू शकतं. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर तो लिंग ओळखू शकणाऱ्या कुठल्याही इमेजिंग मशीनला लागू आहे. मुलींच्या घटलेल्या प्रमाणापायी जळगाव जिल्ह्याचं नाव किती खराब झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. विचारू नका, आणि कोणी सांगू लागलं तर ऐकू नका.

मग उद्याच एमआरआय काढायचा का?

नाही. नाळेचा प्रवाह एमआरआयने मोजणं हे अजून मुख्यतः संशोधनाचं काम आहे. जळगाव-धुळ्यात एमआरआय मशीनं आहेत, पण हे माप घ्यायला खास प्रोग्राम, शिकलेला तंत्रज्ञ आणि नंतर तासभर संगणकावर बसणारं कोणीतरी लागतं. तुम्हाला गर्भारपणात एमआरआय लिहून दिला असेल, तर तो बहुतेक बाळाच्या मेंदूतली शंका तपासायला किंवा वार गर्भाशयात रुतली आहे का हे पाहायला असतो. त्याच्या रिपोर्टात नाळेचा प्रवाह नसेल, तर रेडिओलॉजिस्टने काही राहू दिलं असं समजू नका.

दुसरी गोष्ट, नॉर्मल कशाला म्हणायचं याचे आकडे मोजक्याच केंद्रांमधल्या, मोजक्याच बाळांचे आहेत. टोरांटोच्या बाळाचा किलोमागचा प्रवाह सातपुड्यातल्या बाळाला जसाच्या तसा लावता येतो का, हे इथल्या निरोगी बायकांमध्ये मोजल्याशिवाय ठरणार नाही. माझ्या मते हे काम परदेशातून आयात करण्यासारखं नाही. ते नाशिक-पुणे-मुंबईच्या मोठ्या केंद्रांनी खानदेशच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सोबत घेऊन करायला हवं.

तोवर हातात आहे तो डॉपलर, आणि तो नीट वापरला तर कमी नाही. बाळ लहान वाटत असेल आणि नाळेचा पीआय साफ आला, तर डॉक्टरांना एवढं विचारा : मेंदूच्या धमनीचा डॉपलर पाहिला का? मेंदूकडचा पीआय कमी झाला असेल, तर बाळ रक्त वाचवून मेंदूकडे वळवतंय, आणि नाळेचा एकटा आकडा ते सांगत नव्हता. मेंदूचा पीआय भागिले नाळेचा पीआय, हे गुणोत्तर त्यासाठीच काढतात. त्याला वेगळं मशीन लागत नाही. त्याच प्रोबने, त्याच टेबलावर, पाच मिनिटं जास्त. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन पाहून वाढीची रेघ सपाट होतेय का हेही बघायला लावा. आशाताई पोटावर टेप लावून उंची घेतात, तीही वहीत लिहून ठेवा. रक्तदाब वाढला, डोकं फार दुखलं, डोळ्यापुढे चमकलं, किंवा बाळाची हालचाल कालच्यापेक्षा कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.